दोन धूर

सोमवार, ३० मार्च १९३६

उतरलं! टपालाचं विमान आपल्या रत्नागिरीच्या कातळी सड्यावर नीट उतरलं! घरघर सगळ्यांच्या आधी मलाच ऐकू आली. लोक भलतीकडेच माना वर करून उभे. म्हटलं, मालगुंडाच्या अंगाला बघा. कान शाबूत आहेत अजून!

मैदानाची देखरेख कंपनीनं माझ्याकडे दिली आहे. वरच्या माणसाशी बोलायचं ते धुरानं. एक धूर — या, वारा असा आहे. दोन धूर — उतरू नका, जमीन धड नाही. अक्कल माझीच. वैमानिक दस्तूर यांना पत्रानं कळवली, त्यांनी मान्य केली. धुरावर नझीरला ठेवलाय. वीस वर्षं आगबोटीवर खलाशी होता, वारा त्याला कळतो.

घरी सांगून टाकलं, या आठवड्यात भाताच्या रोपांसाठी तरव्याची जमीन भाजून घ्या. मला आता शेताकडे बघायला सवड नाही.

सोमवार, ६ एप्रिल

दोन धूर!!

मी पलीकडच्या टोकाला गुरं हाकत होतो. वळून बघतो तर एक धूर जागेवर, दुसरा करवंदीच्या जाळीमागून. विमानानं तीन घिरट्या घातल्या. मी ओरडतोय — या हो, उतरा! वर काय ऐकू जाणार? खडकावर काहीतरी टण् वाजलं. खिळाबिळा निखळला असेल. विमान गेलं परत.

आणि नझीर जागेवर नाही! बऱ्याच वेळानं धापा टाकत आला. पाय गुडघ्यापर्यंत काळे, लुंगी करपलेली.

"दुसरा धूर कुणी केला?"

"मी नाय, आप्पा. खालनं आला."

खालनं! म्हणे खालनं!

बुधवार, ८ एप्रिल

कंपनीची तार. पुन्हा असं झालं तर रत्नागिरी वगळणार.

संध्याकाळी बंदरावर गेलो. नझीरचा मेव्हणा करीम उतारूंना पडावातून आगबोटीवर पोचवतो. माझी पाठ त्याच्याकडे, कान मात्र तिथेच. "इमान गेला आल्या पावली! बसा आता आमच्या पडावात!" सगळे खो खो हसले.

पुरे. विमान उतरलं नाही तर टपाल न् उतारू पडावातच; कुणाचं भलं, ते कळलं.

गुरुवार, ९ एप्रिल

नझीरला काढला. तोंडावर सांगितलं — मेव्हण्यासाठी विमान पळवलंस.

 नझीर म्हणाला, "आप्पा, एकदा घरात विचारा."

घरात काय विचारायचं? विमानातलं घरात कुणाला कळतं?

मैदानावर अंथरायचं खुणेचं पांढरं कापड नीट घडी करून पायरीवर ठेवलं न् गेला.

शुक्रवार, १० एप्रिल

नझीर बायकोपोरांसह बुरोंडीला गेला, भावाकडे. बरं झालं.

पण धूर करणारा माणूस गुडघ्यापर्यंत काळा कशाला होईल?

रविवार, १२ एप्रिल

काशी शेरडं चारते सड्यावर. तिला करवंदीत पत्र्याची डबी सापडली, लाल फीत बांधलेली. तेच ते टण्! आत दस्तूरांची इंग्रजी चिठ्ठी. पोस्टमास्तरांनी अर्थ सांगितला —

"धूर दोन दिसतात. एक मैदानावर. दुसरा खालच्या शेतात, तिथे बायका पालापाचोळा जाळत आहेत. तुमचा माणूस तो पायांनी विझवतो आहे. तुम्ही हात हलवता ते 'या' म्हणून की 'जा' म्हणून, कळत नाही. ठरल्याप्रमाणे परत जातो."

खालचं शेत माझं.

घरी आलो. सगुणेला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तरवा भाजून घ्या म्हणून तुम्हीच नाही का सांगितलंत? नझीरभाई धावत आला, विझवा विझवा म्हणत. आम्हांला वाटलं, चळला. धुराचं तुम्ही कधी बोललात घरात?"

धुराचं दस्तूरांना कळवलं होतं. नझीरला सांगितलं होतं. घरात नाही.

सोमवार, १३ एप्रिल

एकच धूर, मीच केला. विमान उतरलं.

नझीरला परत आणायला बुरोंडीला जायचं तर आगबोट, आणि आगबोटीला करीमचा पडाव. धक्क्यावर उभा आहे. करीम अजून 'बसा' म्हणालेला नाही.