अ‍ॅनेलीकडची मुलांची खोली

गुरुवार, संध्याकाळ. अल अमेरात.

डच आणि आफ्रिकान्स जोडशब्दांतला मधला सांधा ऐकून मनात एक येतं की अनेक, हा माझा अभ्यास. आज शेजारच्या अ‍ॅनेलीला तिच्या आफ्रिकान्समधले शब्द वाचून दाखवत होते. ‘किंडरकामर’, म्हणजे मुलांची खोली; मधला ‘एर’ ऐकून मनात मूल एक येतं की अनेक, सांग. ऐकून ती उठली, आतलं बंद दार उघडलं. छोटा पलंग, वर इस्त्रीची चादर.

“एकच होता गं. गेला. लिही, एक.”

उत्तरावर काही बोलायचं नाही, लगेच पुढचा शब्द वाचायचा, हा आमच्या अभ्यासातला नियम. कसला मेला नियम! मी त्या पलंगाकडेच बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, “यल्ला, चल, वाच ना पुढचा.”

वाचला. कुठला, आठवत नाही. इतका शेजार, आणि मला ठाऊकच नव्हतं? ती चादर डोळ्यांपुढून हलत नाही. घड्याही मोडल्या नव्हत्या. आजच घातलेली.