शेक की बर्फ

३ फेब्रुवारी
नौपाड्याच्या डॉक्टर नीलाबाईंनी ईसीजी काढला. म्हणाल्या, हृदयाचे ठोके ताल सोडून पडतायत, ॲब्लेशन करून घ्या. मांडीच्या शिरेतून नळी आत घालायची आणि गडबड करणाऱ्या जागा जाळायच्या नाहीतर गोठवायच्या. मी स्पष्ट सांगितलं, मला काही झालेलं नाही. बाजारात चक्कर आलेली ती उन्हामुळे. कोपरीत फेब्रुवारीतही ऊन असतं.

५ फेब्रुवारी
फिटनेस सुरू. चौथा मजला, न थांबता. दुसऱ्यावर थांबलो, पण ते शालूवहिनींशी बोलायला. वहिनी घरी नव्हत्या.

८ फेब्रुवारी, सकाळ
छातीत जिवंत मासा तडफडावा तसं झालं. बायकोने, बायजाने, रिक्षात घालून नेलं. नीलाबाई म्हणाल्या, असंच चाललं तर गुठळी होऊन मेंदूत जाईल. बायजाने परत येताना माझा हात सोडला नाही.
ठरलं. करून घेणार. पण गोठवूनच. उभा जन्म कोळणींना बर्फ पुरवलाय. बर्फातला मासा टिकतो, जळलेला फेकावा लागतो. यात डॉक्टरने मला काय शिकवायचं?

११ फेब्रुवारी
मुलगी समृद्धी मोबाईलवर वाचून म्हणाली, दोन्हींचा गुण साधारण सारखाच. गोठवताना फुगा लावून हृदयात उघडणाऱ्या शिरेच्या तोंडाभोवती एकदम काम होतं, जाळताना ठिपक्या-ठिपक्याने. कोणाला काय, ते डॉक्टर बघतात. म्हणजे फुगाच बेस्ट.
नीलाबाईंना निक्षून सांगितलं. त्या म्हणाल्या, फुग्यानेच सुरू करू, पण तो नीट बसला नाही तर जाळावं लागेल, चालेल ना? मान हलवली. समोरच्याला तेवढंच बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी
झालं! छातीत काय गारवा. शब्दांत सांगता येत नाही. शेजारच्या पलंगावरच्या आनंदारावांचा नंबर उद्या. त्यांना बजावलं, कोणी काही म्हणो, बर्फच मागा, अजिबात झुकू नका. पटलं त्यांना. बायजा नुसती हसत होती.

१८ फेब्रुवारी
नीलाबाई राउंडला आल्या. ठोके एकदम तालात. मी गारव्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या शिरांच्या तोंडावर फुगा बसेचना, सगळं जाळूनच केलंय.
बायजाकडे बघितलं. ती म्हणाली, "मला कालच सांगितलेलं. तुम्ही एवढे खुश होता, सांगवेना."
तिचे डोळे सुजलेले. काल लक्षातच आलं नव्हतं.
तेवढ्यात कळलं, आनंदाराव बर्फाशिवाय सही करत नाहीयेत. नीलाबाई म्हणाल्या, आता तुम्हीच समजवा.
गेलो. म्हटलं, जाळलेलंही चालतं.
त्यांनी विचारलं, मग तो गारवा?
म्हटलं, एसीचा.