फोनमधल्या शेपट्या

चि. तेजस्वी हिला शिरोळहून आकारामकाकाचे भरघोस आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, डबा वेळेवर खात असशील. आमच्याकडं आता सगळं ठीक आहे. ('आता' हा शब्द मुद्दाम लिहिलाय.)

दिवाळीत तू माझ्या फोनमधली फाइलींची कपाटं उघडून दिलीस, ती मीच हट्ट धरला म्हणून. "काका, आत हात घालू नका," असं तू बजावलंस, आणि मी म्हणालो, ट्रॅक्टर माझा तर बॉनेटही मीच उघडणार की! (तू फोन माझ्या हातात दिलास. मला वाटलं, पटलं.) तू गेल्यावर मी आत शिरलो. बघतो तर प्रत्येक नावामागं टिंब आणि पीडीएफ, नाहीतर जेपीजी, अशी शेपटी. नावाला शेपटी कशाला? फोन दर वेळी विचारायचा, नक्की का? मी म्हणायचो, व्हय. सगळ्या छाटून टाकल्या. यादी काय स्वच्छ दिसली! तुझी काकू तेवढी म्हणाली, "देवानं जनावराला शेपूट उगाच दिली न्हाय." (हिला यातलं काय कळतं, असं मला तेव्हा वाटलं.)

गेल्या मंगळवारी काकूच्या पोटात असं दुखायला लागलं की भिंत धरून खालीच बसली. कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स, आत्ताच कापायला हवं म्हणाले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कधी भूल दिली होती का? दिली होती, आणि तेव्हा एका औषधानं हिचा श्वास अडकला होता. औषध कुठलं? मूळ कागद पुरात गेला, पण त्याची फाइल माझ्या फोनात होती. मी ऐटीत फोन काढला, नाव दाबलं. 'ही फाइल उघडता येत नाही.' पुन्हा दाबलं. तेच. आमची लेक मोना औषधांच्या खिडकीशी गेलेली, तुझा फोन लागेना, स्ट्रेचर दाराशी आलेलं, हिचे ओठ पांढरे पडलेले आणि माझी बोटं घामानं काचेवरनं घसरत होती. बाई म्हणाल्या, "काका, आता थांबता येणार नाही." तेवढ्यात स्ट्रेचरवरनं आवाज आला, "अवो, छाटलेली शेपूट जोडा की परत!"

जेपीजी जोडलं. उघडेना. पीडीएफ जोडलं, तर टिंबच विसरलो. शेवटी बाईंनी माझा हात धरून टिंब दिलं आणि कागद उघडला. त्यांनी औषधाचं नाव वाचलं, हातातली सुई बाजूला ठेवली, दुसरी मागवली आणि दार बंद झालं.

काकू काल घरी आली. मऊ भात खाते आणि मला शिव्या घालते. मी म्हणतो, असली कपाटं आमच्यासारख्यांना उघडी ठेवूच नयेत. कुलूप असतं तर शेपटी छाटलीच नसती. ती म्हणते, "कुलूप असतं तर कागद कुठं पडलाय ते तरी दिसलं असतं का?" तरी येशील तेव्हा माझ्या फोनला कुलूप घालून जा.

तुझा,
आकारामकाका

ता.क. खरं काम राहिलंच. काकूच्या फोनात एक फोल्डर कुलूपबंद आहे. नवरा-बायकोत कुलूप कसलं? ते उघडायचं कसं, तेवढं गुपचूप कळव. (फोनवर विचारलं तर ती ऐकते, म्हणून तर हे पत्र.)

ता.क. काकूकडून. पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलंय. कळवू नको बाई. त्यात यांचाच फोटो हाय, ऑपरेशनच्या दाराबाहेर पोरासारखं रडताना. मोनानं काढलाय. यांच्या हाताला लागला तर पुसून टाकतील.