वारा नव्हता

धाकट्या,

'प्रिय' लिहायला आज हात वळत नाही. इस्पितळात येणाऱ्याजाणाऱ्याला तू सांगतोयस म्हणे, "वाऱ्यानं दगा दिला." कसला वारा? त्या सकाळी तू उडालास त्याच धावपट्टीवर मी विद्यार्थ्यांना विमान उडवायला शिकवत होते. झाडाचं पान हलत नव्हतं.

बाबांना वरून घर दाखवायचं होतं, तर उंचावरून दाखवायचं. गच्चीवरच्या आईला हात करता यावा म्हणून तू विमान खाली आणलंस, बाबांना नीट दिसावं म्हणून वेग कमी केलास, आणि त्यावर कडी म्हणजे घराभोवती करकचून वळवलंस. "इतक्या खाली वेग पडला तर विमान दगडासारखं कोसळतं, सावरायला जागाच उरत नाही," हे मी तुला कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं. तू हसायचास. "ताई, तू जन्माची भित्री!" आहेच मी भित्री. माझ्या विमानातून आजवर प्रत्येक जण आपल्या पायांनी घरी गेला. बाबा तुझ्या विमानातून घरी आले नाहीत.

आईनं गच्चीवरून सगळं पाहिलं. काल माझा हात धरून तिनं विचारलं, "वारा होता ना गं?" तिचा नवरा तर गेलाच, आता मुलगाही मी हिरावून घेऊ? मी म्हटलं, "होता, आई."

माझ्याकडून हे वदवून घेतलंस, याचा राग जन्मभर जायचा नाही. तुझे दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत, आलेली पत्रं आईच तुला वाचून दाखवते. म्हणून हे पाठवत नाही.

तरीही तुझीच,
ताई