होडीचा पंप आणि रविवारचे पाहुणे

डाळज, ता. ९ डिसेंबर १९९६

श्री. रामहरीराव यांना गोकुळचा नमस्कार. तुमची सर्दी ओसरली असेल, वैनींचा गुडघा ताळ्यावर आला असेल. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझं काही क्षेम नाही. येत्या रविवारी बावड्याचे पाहुणे आमच्या राजनंदिनीला बघायला येणार, आणि तुमच्या बहिणीने (म्हाळसाने, दुसरं कोण?) त्यांना परस्पर कळवलंय की आमची स्वतःची होडी आहे, धरणाच्या फुगवट्यात फिरवून पक्षी दाखवू. होडी आहे हे खरं. ती गळते, हे कळवायचं राहिलं. जुळत आलेली सोयरीक पाहुण्यांसकट बुडणार, या धास्तीने मला अन्न गोड लागत नाही.

म्हणून तळातलं पाणी उपसायला बॅटरीवरचा पंप आणला. आता ज्याने जन्मभर उसाला पाणी दिलं तो लहान पंप कसा मागणार? (दुकानदार लहानच दाखवत होता. मला अपमान वाटला.) सगळ्यात मोठा घेतला, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. वायर मात्र गणपतीच्या माळांची उरलेली, कारण ती घरात होती. बटण दाबताच ती अशी तापली की वरचं प्लास्टिक माझ्या बोटाला चिकटलं. मग जाड वायर आणली, मध्ये फ्यूज टाकला, तर त्या धुडाने बॅटरीच उतरवली. शेवटी निमूट जाऊन लहान पंप आणला.

तो गुणी निघाला. राजनंदिनीला दाखवायला तिला घेऊनच होडी आत नेली. पाइपाचं तोंड मी शेतात ठेवतो तसं खाली सोडलं होतं, बांध धुपू नये म्हणून. (धरणात बांध कुठला, हे तेव्हा सुचलं नाही.) पाणी उपसलं, पंप बंद केला, आणि कौतुक ऐकायला बसलो तर बुडालेल्या तोंडातून तेच पाणी उलटं आत यायला लागलं! मला पोहता येत नाही. पोरगी पातेल्याने उपसतेय, मी वल्ही मारतोय, आणि काठावरून शेजारचा गेणबा ओरडतोय, "गोकुळराव, पाणी भाईर काढताय का आत घेताय?" पंप पुन्हा सुरू करावा, हे काठाला लागल्यावर सुचलं. (पातेलं म्हाळसाचं होतं, बोलू नका.)

तरी कारखान्यातून रजा काढून शनिवारी या आणि सगळी वायरिंग एकदा नजरेखालून घाला. तुम्ही वायरमन, तुमचा हात लागला की मला झोप लागेल. वैनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गोकुळ

ता. क. पाइपाचं तोंड मीच वर बांधलं. काल दिवसभर होडी कोरडी राहिली. वायरिंगसाठी येऊ नका.

आणखी ता. क. तरी याच. पाणी उपसता उपसता राजनंदिनी म्हणाली, "अप्पा, मला एवढ्यात लगीन न्हाय करायचं. मला नर्सिंगला जायचं हाय. आईला तुमी सांगा." मी व्हय म्हणालो. बुडताना माणूस कशालाही व्हय म्हणतो, पण काठावर आल्यावरही मला तिचंच पटतंय. पोरगी हुशार आहे हो, तिला शिकवायला हवी. फक्त म्हाळसाला सांगायची माझी छाती नाही. ती तुमचंच ऐकते. शनिवारी आलात की तिला नीट समजावून सांगा. तुमचं बोलणं होईस्तोवर मी होडीत बसेन.