फऱ्यातून निघालेली गोळी

मी, कचरू सखाराम दाभाडे, वय एकोणसत्तर, धंदा टर्नर (घरचे 'निवृत्त' म्हणतात, मी म्हणत नाही), राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चिकलठाण्याच्या शेडमध्ये बसून लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. डॉक्टर अभय यांनी सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, माझी पत्नी कडूबाई, आणि ती आज पैठणला बहिणीकडे गेली आहे.

वकील तनुजाबाईंनी मला टाईप केलेला नमुना दिला होता. त्यात घराला जागा होती, ठेवीला होती, दागिन्यांना होती. गोळीला नव्हती. म्हणून तो नमुना बाजूला ठेवला आणि पेन हातात घेतले.

कलम १. मुकुंदवाडीतले घर, वरचा पत्र्याचा मजला धरून, कडूबाईच्या नावे व्हावे आणि तिच्या पश्चात मुलगा संघपाल याच्या. बँकेतले जे काही असेल ते सगळे कडूबाईचे. मी बारा वर्षे आफ्रिकेत होतो आणि दोन लेकरे तिने एकटीने वाढवली, त्यामुळे यात मी तिला काही देतो आहे असे कोणी समजू नये. तिचे तिला परत करतो आहे.

कलम २. शेडमधली साडेसहा फुटी लेथ, तिचे चक, टूल आणि माझा मायक्रोमीटर मुलगी विशाखा हिला द्यावा. संघपालने रुसू नये. गेल्या उन्हाळ्यात तो पुण्याहून आला होता तेव्हा म्हणाला, "पप्पा, ती लेथ भंगारात घाला, जागा तरी मोकळी होईल." जे भंगार त्याला नको आहे ते त्याच्या बहिणीला मिळाले तर तक्रार कसली? विशाखाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. डोक्यात जाईल म्हणून हे मी तिला कधी सांगितले नाही. आता गेले तरी चालेल.

कलम ३. कंपनीतला माझा सोबती धम्मपाल याने १९९४ साली माझा मापाचा व्हर्नियर एका दिवसासाठी नेला, तो अजून त्याच्याकडे आहे. मी तो त्याला कायमचा देऊन टाकणार होतो. पण तनुजाबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, उद्या कोणी बोट दाखवते. धम्मपालला विचारले, व्हर्नियर हवा की साक्ष? तो म्हणाला साक्ष. तेव्हा त्याने व्हर्नियर आणून द्यावा.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. शेडच्या कपाटात वरच्या फळीवर तपकिरीची पत्र्याची डबी आहे. तिच्यात दोन वस्तू आहेत. एक अख्खी पितळी गोळी, आणि एक फुटलेली, तांब्याच्या सालपटांची आणि शिशाच्या चुऱ्याची. दोन्ही झाडलेल्या आहेत, एकीतही दारू नाही. अख्खी गोळी विशाखाने घ्यावी. ती का घ्यावी हे कळण्यासाठी पुढचे लिहितो.

माझ्या आधीची दोन भावंडे दगावली. म्हणून मी जन्मल्यावर आईने मला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलले आणि कचरू नाव ठेवले, म्हणजे मरणालाही मी टाकाऊ वाटावा. युक्ती चालली. माझे वडील सखाराम पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी सर्जेराव औट्यांच्या शिकारीत हाका घालायला जात. हाकेकरी डबडी बडवत जनावर उठवायचे आणि बंदुकवाले मचाणावर बसायचे. एकदा सर्जेरावांनी बिबट्या जखमी केला आणि तो खाली माझ्या वडिलांच्या अंगावर आला. बिबट्याचा फोटो निघाला. त्यात वडील नाहीत, त्यांचे फाटलेले खांदे नाहीत. पुढे शिकारीला बंदी आली, पण औट्यांच्या घरात ती हौस जिवंत राहिली.

मी शहरात येऊन चिकलठाण्याला टर्नर झालो. आमच्या खात्याची एक पद्धत होती. प्रत्येक जॉबच्या बुडाला टर्नरने आपली खूण करायची, रिजेक्ट आला तर कोणाला बोलायचे हे कळावे म्हणून. माझी खूण एक ठिपका आणि भोवती एक बारीक गोल. अठ्ठ्याण्णव साली कंपनीने गाशा गुंडाळला. चार वर्षांनी एका गुजराती शेठच्या वर्कशॉपवर मी टांझानियात अरुशा गावी पोचलो. तिथे सफारीच्या जीपगाड्या दुरुस्तीला येत आणि शिकाऱ्यांच्या बंदुकाही.

हॅरिस साहेब हा तिथला परवान्याचा शिकारी, गिऱ्हाइकांना रानरेड्याच्या शिकारीला नेणारा. एकदा त्याने टेबलावर मूठभर फुटक्या गोळ्या टाकल्या आणि डोके धरून बसला. तो रानरेडा म्हणजे आपल्या गोठ्यातला रेडा नव्हे. सात-आठशे किलोचे धूड, कपाळावर शिंगांचा सलग पत्रा, खांद्याचे हाड माझ्या मनगटापेक्षा जाड. मऊ नाकाची गोळी हरणाला ठीक आहे, आत जाऊन उघडते आणि काम करते. रेड्याच्या हाडावर तिचे तांबे सोलवटते, शिसे सांडते, आणि रेडा मरत नाही, पिसाळतो. मग माणसे मरतात.

मी म्हणालो, "साहेब, दोन धातू एकत्र नांदवले की कधीतरी फारकत होणारच. एकच घ्या." मी पितळी रॉडमधून अख्खी गोळी काढली. पहिला घाणा चुकला. शिसे दबते, पितळ दबत नाही. नळीत दाब वाढला आणि बंदुकीचा बोल्ट असा आवळला की साहेबाला लाकडी हातोडीने उघडावा लागला, आणि तो मला त्याच्या भाषेत जे बोलला ते मला समजले. रात्रभर विचार केला. चिकलठाण्याला पिस्टन काढताना तेलासाठी खाचा पाडायचो त्या आठवल्या. गोळीच्या अंगावर चार खाचा पाडल्या. नळीच्या आतले पिळाचे आटे पितळ कापतात तेव्हा कापलेल्या धातूला सरकायला जागा झाली. बोल्ट एका बोटाने उघडला. टोक गोल ठेवले तर गोळी हाडावर वाट सोडते, म्हणून टोक सपाट केले. साहेब हसला, म्हणाला ही गोळी आहे की नट? मी म्हणालो, रेड्याला विचारा.

आणि बुडाला ठिपका केला, भोवती गोल. हाताला सवय होती.

कलम ५. कडूबाईला या डबीचा विटाळ आहे असे नाही, पण ती तिला हात लावत नाही. पंचशील घेतलेल्या माणसाने जीव मारायची वस्तू कशाला करावी, हे ती मला चोवीस वर्षे विचारते आहे. मी कधी चाप ओढला नाही. पण माझ्या हातचे काम होते, तेव्हा अंग झटकत नाही. एवढेच म्हणतो की फुटक्या गोळीने जनावर तीन दिवस तडफडते आणि माझ्या गोळीने जागच्या जागी सुटते, आणि मांस आजूबाजूच्या वस्तीत वाटले जायचे. तिचे समाधान झालेले नाही. भारतात परतल्यावर मी एकही गोळी केली नाही, इथे कायदा आहे आणि कडूबाईही आहे.

कलम ६. सर्जेरावांचे चिरंजीव आप्पासाहेब औटे, राहणार गारखेडा, यांना कडूबाईकडून कळले की कचरू आफ्रिकेत बंदुकांच्या कामावर आहे. त्यांचा फोन आला, "कचऱ्या, तू तिथं हैस तर माझी सोय लाव." मी लावली. २००६ च्या ऑगस्टमध्ये ते आले. त्यांना मी माझ्या पाच गोळ्या दिल्या. त्यांनी त्या तळहातावर फिरवून पाहिल्या आणि परत दिल्या. "एमआयडीसीचा माल एमआयडीसीत," म्हणाले आणि परदेशी चकचकीत खोक्यातल्या मऊ गोळ्या भरल्या. हॅरिस साहेबाने माझ्या भरल्या. मलाही त्याने सोबत घेतले. जो बनवतो त्याने बघायला पाहिजे, असे त्याचे मत होते.

चाळीस पावलांवर आप्पासाहेबांनी गोळी झाडली. खांद्याला लागली. नेम चांगला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण गोळी हाडावर फुटली आणि रेडा झाडीत शिरला. अर्धा तास थांबून आम्ही रक्ताच्या मागावर चाललो. मग डावीकडून झाडी फुटली आणि तो पंधरा पावलांवर, नाक वर करून, आमच्यावर आला. आप्पासाहेब त्या वेळी कुठे होते हे मी लिहीत नाही. साहेबाने एक गोळी झाडली. रेडा पुढच्या गुडघ्यांवर बसला आणि साहेबाच्या बुटापासून चार पावलांवर त्याचे नाक मातीत रुतले. उठला नाही.

सोलताना शोध घेतला. आप्पासाहेबांची गोळी खांद्याच्या हाडाशी चुरा होऊन सापडली, ती मी खिशात ठेवली. माझी गोळी नाकाच्या वर शिरली होती, मेंदूतून मानेत, मानेतून सबंध अंगभर सरळ जाऊन मागच्या फऱ्याच्या, म्हणजे मांडीच्या, कातड्याखाली थांबली होती. कातडे सोलणाऱ्याने सुरीच्या टोकाने काढून माझ्या हातावर ठेवली. ती गरम होती. वाकली नव्हती, टोक तसेच सपाट. फक्त आट्यांच्या रेघा उमटल्या होत्या. उलटी केली. एक ठिपका, भोवती गोल. मला इतका आनंद झाला की मी चिकलठाण्याच्या दिशेला तोंड करून ओरडलो. दिशा कदाचित चुकली असेल. पुढच्या आठ वर्षांत मी अशा हजारो गोळ्या काढल्या. एकही रिजेक्ट परत आली नाही. तिथले शिकारी आजही तसल्या गोळीला 'कचरू' म्हणतात.

आणि इकडे गारखेड्याला आप्पासाहेबांच्या बैठकीत चार फुटी फोटो लागला. रेड्यावर त्यांचा पाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, एका गोळीत पाडला. कोणी माझे नाव काढले तर म्हणत, "कचऱ्या? तो मागं पाणी उचलायला होता." वीस वर्षे हे ऐकले. दुसऱ्यांदा फोटोतून आमच्या घराण्याला वगळले गेले.

कलम ७. म्हणून फुटलेली गोळी मी आप्पासाहेब औटे यांना देतो. माझ्या जलदान विधीनंतरच्या रविवारी विशाखाने ती त्यांच्या बैठकीत, फोटोखाली, चार माणसे जमवून त्यांच्या हातात ठेवावी.

मात्र त्यांना मी काल फोन करून दोन वाटा सांगितल्या. एक तर कलम सातप्रमाणे गोळी घ्या. नाहीतर साक्षीदार म्हणून या. दोन्ही करता येत नाही, वकीलबाई म्हणतात.

कलम ८. हे कलम आप्पासाहेब समोर बसलेले असताना लिहीत आहे. ते अकरा वाजता काठी टेकत आले. वय अठ्ठ्याहत्तर. लेथजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वाचल्याबिगर मी सही करत नसतो." शेडमध्ये हजर असलेल्या तनुजाबाईंनी सगळे मोठ्याने वाचले. कलम सहाशी त्यांनी काठी आपटली.

"थांबा. आप्पासाहेब कुठं होते ते लिहीत नाय? का बरं?"

मी म्हणालो, "तुमच्या अब्रूसाठी."

"अब्रू माझी हाय ना? मग लिही. बंदूक टाकली आन् काटेरी झाडावर चढलो म्हणून लिही. आठ दिवस काटे काढत व्हतो. अन् लोकाला दाखवलं, हे रेड्याचं शिंग लागलं म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू का नाय पळालास रं?"

"मला माझी गोळी काय करते ते बघायचं होतं."

त्यांनी डबी मागितली. दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, पितळी गोळी उलटी करून ठिपका पाहिला, मग फुटलेली मुठीत धरली. "ही घेतली तर साक्ष नाय, व्हय?" तनुजाबाई म्हणाल्या, "नाही, आजोबा." मूठ काही वेळ मिटलेलीच राहिली. वीस वर्षांची बैठक त्या मुठीत होती. खिशात टाकून ते उठले असते तर मी अडवले नसते. त्यांनी ती परत डबीत टाकली आणि झाकण लावले. "तुझ्या बापानं माझ्या बापासाठी हाका घातला," म्हणाले. "त्याचं नाव बी कुणी घेतलं नाय. पेन दे, कचरूभाऊ."

एकोणसत्तर वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा भाऊ म्हटले.

तेव्हा कलम सात मी रद्द करत आहे. दोन्ही गोळ्या डबीसकट विशाखाच्या. फुटलेलीही जपून ठेवावी. अख्खीची किंमत तिच्याशेजारीच कळते.

आज मला फार आनंद झाला आहे. तो कोणत्याही कलमात कोणाला देत नाही, बरोबर नेणार आहे.

ठिकाण: चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ जानेवारी २०२६

कचरू सखाराम दाभाडे
(सहीखाली ठिपका आणि गोल माझाच आहे.)

साक्षीदार १: धम्मपाल, राहणार मुकुंदवाडी. कचरूने माझ्यासमोर सही केली. व्हर्नियर आणून दिला आहे. शून्याला थोडा सरकलेला आहे, तो आधीपासूनच होता.

साक्षीदार २: मी, आप्पासाहेब सर्जेराव औटे, राहणार गारखेडा. कचरूभाऊंनी माझ्यासमोर सही केली. रेडा पडला तेव्हाही मी हजर होतो, झाडावर. गोळी त्यांची होती. फोटो आज उतरवतो.