चुकीचं पार्किंग

प्रिय हॉलिस,

आज तुझ्या कोर्टात गेले होते. तू रजेवर होतास, बरंच झालं. माझ्या वेंडेलला, तुझ्या भाच्याला, ज्याने गाडीखाली चिरडलं, त्याच्या जुन्या केसेस मला बघायच्या होत्या. निघाल्या त्या सगळ्या चुकीच्या पार्किंगच्या.

नोंदींच्या खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "म्हणजे माणूस साधाच दिसतो."

त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हे सगळे बेफाम वेगाचे गुन्हे. वकील तडजोड करून ते कागदावर पार्किंगचे करून घेतात, म्हणजे लायसन्स वाचतं."

खाली न्यायाधीश म्हणून दरवेळी तुझी सही. वेंडेलच्या शवपेटीला खांदा देताना तुला हे ठाऊक होतं.

हे पत्र टाकणार नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येशील, तेव्हा वेंडेलच्या खुर्चीत बसवून तोंडावरच विचारीन.

तुझी थोरली बहीण,
लोरेटा